खराडी डावीकडे, शनिवार उजवीकडे

नागोराव इंगोल्यांना कुत्र्यांची फार आवड आहे, असा एक गैरसमज हडपसरच्या आमच्या सोसायटीत पसरलेला आहे आणि तो त्यांनी बिनदिक्कत पसरू दिलेला आहे. खरी गोष्ट अशी की त्यांना कुत्र्यांची आवड नाही, मांजरांची नाही, आणि माणसांचीही बेताचीच. त्यांना आवड आहे ती मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असण्याची, आणि त्या कुणीतरीला ठरल्या दारात नेऊन उतरवण्याची. मग ते कुणीतरी दोन पायांचं आहे की चार, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम.

वाशीमहून पुण्यात आल्यापासून त्यांनी एकच धंदा केला, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. पांढरी ओम्नी, मागे आडवी बाकं, टपावर दप्तरांचा कॅरिअर. बिल्डिंगखाली दोनदा हॉर्न. पोर खाली नसलं तर व्हॅन पुढे. सुटताना पोर घ्यायला जे माणूस ठरलंय त्याच्याच हातात द्यायचं. आजी ठरली असेल तर आजी. शेजारीण आली, मामा आला, वॉचमन आला, तर पोर परत गाडीत, आणि सगळी फेरी संपवून शेवटी पुन्हा त्या दारात. आयांनी आरडाओरडा केला, नागोराव बधले नाहीत. मुलांना ते नावानं कधी हाक मारत नसत. 'ए मगरपट्टा, खिडकीतून हात आत घे,' 'ससाणेनगर, डबा उघडू नको.' कुणी विचारलं तर म्हणत, "पोट्टं दहावी झालं की नाव संगं घेऊन जाते, बापा. स्टॉप इथंच राहते."

तर असं सगळं छान चाललेलं असताना शाळेनं स्वतःच्या पिवळ्या बस घेतल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी नागोरावांनी सवयीनं व्हॅन पुसली, पहिल्या स्टॉपला गेले, दोनदा हॉर्न वाजवला. पिवळ्या बसच्या खिडकीतून कुणीतरी टाटा केला. येताना ते किलोभर कांदे घेऊन आले, म्हणजे जाणं अगदीच वाया गेलं असं घरात वाटायला नको.

त्यानंतर ते घरी बसले, आणि विमलाबाईंचे हाल सुरू झाले. रिकाम्या नागोरावांनी स्वयंपाकघराची फेरी हातात घेतली. मसाल्याचे डबे ज्या क्रमानं लागतात त्या क्रमानं लावले. "मोहरी आधी उतरते, म्हणून ते दारापाशी. गरम मसाला शेवटचा स्टॉप." विमलाबाईंनी फोडणीत हळदीऐवजी सुंठ टाकली त्या दिवशी त्या आमच्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "या माणसाले कोणीतरी घेऊन जा हो. पैसे नका देऊ, फक्त सकाळी न्या आन् संध्याकाळी आणून सोडा."

घेऊन गेली ती दुसऱ्या मजल्यावरची तरन्नुम. मुलगी आयटीत, पण पगारापेक्षा जास्त काळजी रस्त्यावरच्या कुत्र्यांची. तिचा एक ग्रुप आहे. गाडीखाली आलेली, खरूज झालेली कुत्री उचलायची, लोणी काळभोरला एका शेडमध्ये बरी करायची, आणि कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळणाऱ्या माणसांकडे पाठवायची. या सांभाळणाऱ्यांना ती फोस्टर म्हणते. फोस्टर मिळायचे, शेडही होती, अडत होतं ते मधल्या रस्त्यात. टॅक्सीवाला कुत्रा बघितला की राइड कॅन्सल करायचा. जिन्यात भेटलेल्या विमलाबाईंनी हे ऐकलं आणि क्षणाचाही विचार न करता नवरा दान केला.

नागोराव खुलले. बाकं काढली, मधोमध फळी टाकून मागचे दोन भाग केले, एक डावा, एक उजवा. फक्त एक घोटाळा झाला. धंदा बदलला, पण नियम तेच राहिले. कोथरूडच्या एका बाईंना त्यांनी फाटकातच उभं करून विचारलं, "कुत्र्याचं नाव सांगा. रंग सांगा. तुमीच घेणार हे कशावरून?" औंधच्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या, त्यांनी वॉचमनला पाठवलं. नागोरावांनी कुत्रं परत गाडीत घातलं, संगमवाडी-येरवडा करून दुपारी पुन्हा औंधला नेलं, आणि मॅडम खाली आल्यावर म्हणाले, "पोट्टं दारात उभं राहते आन् तुमची मीटिंग चालते. बरोबर हाय का हे?"

दोन्हीकडून तक्रार आली. तरन्नुम शनिवारी घरी आली, चहाला नको म्हणाली, तेव्हाच विमलाबाईंना शंका आली.

"काका, तुम्ही गाडी मस्त चालवता. पण फोस्टर म्हणजे आपले स्टुडंट नाहीत. आधीच लोक मिळत नाहीत. आता अजून एक कंप्लेंट आली ना, तर मला तुम्हाला थांबवावं लागेल. बाकीच्यांना मी काय सांगू?"

नागोराव चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत बसले. आत ओट्यापाशी विमलाबाईंची नजर मसाल्याच्या डब्यांवर गेली.

"उद्या मी येतो संगं," तरन्नुम गेल्यावर त्या म्हणाल्या.

"तुले कुत्र्याची भीती वाटते ना?"

"तुमी घरी बसण्याची जास्त वाटते. आन् ऐका. उद्या तोंड उघडायचं नाही. दार उघडायचं, कुत्रं द्यायचं, दार लावायचं."

रविवारी सकाळी लोणीच्या शेडवर दोन कुत्री तयार होती. एक सोनू, वर्षभराचा, अंगात भूत. खराडीला दोन तरुण पोरं एका फ्लॅटमध्ये राहत होती, त्यांना खेळकर कुत्रा हवा होता, तो हा. दुसरा माऊली, म्हातारा, कानानं अधू, मंडईत भाजीच्या गाळ्यांखाली आयुष्य काढलेला. तो शनिवार पेठेत दीक्षित नावाच्या एकट्या राहणाऱ्या गृहस्थांकडे जायचा होता. दोघंही काळे, दोघांच्या गळ्यात शेडचा एकसारखाच लाल पट्टा.

"दोन्ही काळीच हायती काका," शेडवरचा माणूस म्हणाला. "नीट बघून घ्या."

"बघायचं काय त्याच्यात? जागा ठरली म्हणजे झालं. खराडी डावीकडे, शनिवार उजवीकडे."

विमलाबाई पुढच्या सीटवर पदर डोक्यापर्यंत ओढून बसल्या. सोनू त्यांच्या बरोबर मागे आला. गाडी सुटताच त्यानं त्यांच्या मानेवर गरम श्वास सोडायला सुरुवात केली आणि लोणी फाट्यापर्यंत त्यांच्या अंबाड्यातली एक पिन काढून गिळायची की नाही याचा विचार केला.

वाटेत गॅस भरायचा होता. सीएनजीच्या पंपावर गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. लोक बसून राहतात, आळस करतात, पण नागोराव नियमाचे पक्के. माणसं उतरणार तर कुत्रीही उतरणार. दोन्ही दोऱ्या विमलाबाईंच्या हातात देऊन ते पंपावरच्या माणसाशी प्रेशर कमी आहे यावरून हुज्जत घालायला गेले. ती रंगली. तोवर नळी निघाली, मागची गाडी हॉर्न मारू लागली, आणि विमलाबाईंनी देवाचं नाव घेत दोन्ही कुत्र्यांना दोन दारांतून एकटीनं आत ढकललं. नागोराव येऊन बसले, आरशात पाहिलं. डावीकडे काळं, उजवीकडे काळं. निघाले.

खराडीला आमोद नावाचा पोरगा अर्धी चड्डी आणि अर्धी झोप घेऊन खाली आला. नागोरावांच्या घशात प्रश्न एकामागून एक चढून आले. नाव सांग. तूच कशावरून. आणि ही काय वेळ आहे उठण्याची. विमलाबाई खोकल्या. नागोरावांनी ओठ घट्ट मिटून डावीकडचं दार सरकवलं. कुत्रं शांतपणे उतरलं आणि आमोदच्या पायाशी बसलं.

"वॉव. किती कूल आहे हा. थँक यू अंकल."

नागोरावांनी मान हलवली. कुत्रं एवढं शांत झालं ते आपल्या गाडी चालवण्यामुळे, अशी त्यांची समजूत झाली. मुंढव्याच्या पुलापर्यंत ते त्याच आनंदात होते.

शनिवार पेठेत वैजनाथ दीक्षित फाटकाशी आधीच उभे होते. स्वच्छ पायजमा, हातात पाण्याचं भांडं. इतक्या वर्षांच्या धंद्यात वेळेआधी उभा राहिलेला पालक नागोराव पहिल्यांदाच पाहत होते, त्यांना भरून आलं. उजवीकडचं दार उघडलं. कुत्र्यानं भांडं उडवलं, दीक्षितांना प्रदक्षिणा घातली, आणि दोरीसकट त्यांना जिन्याकडे ओढलं.

"हाच ना?" दीक्षितांनी ओढले जाता जाता विचारलं.

नागोरावांनी विमलाबाईंकडे पाहिलं. एवढं बोलायची परवानगी मिळाली.

"उजवीकडला. हाच."

मग मंडई जवळच म्हणून विमलाबाई भाजीला उतरल्या. मोहीम फत्ते झाल्याच्या खुशीत त्यांनी नवऱ्याला आवडतात म्हणून अंबाडीच्या दोन जुड्या जास्तीच्या घेतल्या. त्या पिशवी घेऊन आल्या तेव्हा नागोराव फोनवर होते.

"अंकल, आमोद बोलतोय. याला बरं नाहीये का? आल्यापासून झोपलाय. बॉल टाकला तर बॉलकडे बघून उसासा सोडला त्यानं."

"तोंडाशी पांढरे केस हायेत का?"

"हो. मला वाटलं त्याचं डिझाइनच तसं आहे."

नागोरावांनी फोन हळूच मांडीवर ठेवला. "पंपावर तू कुत्री कशी चढवली?"

"कशी म्हणजे? चढवली."

"डावीकडलं डावीकडेच?"

"ते मेलं मानेवर श्वास सोडत होतं. त्याले तिकडं बसवलं, म्हाताऱ्याले इकडं. जागा बदलली तर काय आभाळ कोसळते काय?"

नागोरावांचा चेहरा पाहून त्यांच्या लक्षात आलं की कोसळतं. सगळा जन्म हा माणूस पोर ओळखत नव्हता, जागा ओळखत होता, आणि आज नेमकं तोंड बंद ठेवलं होतं. एरवी त्यानं फाटकात नाव विचारलं असतं, रंग विचारला असता, वय विचारलं असतं, तर आमोदच्याच तोंडून घोटाळा बाहेर पडला असता. हे विमलाबाईंना कळलं. त्यांनी अंबाडीच्या जुड्या पायापाशी खाली सरकवल्या.

दीक्षितांचं दार उघडंच होतं.

"या," ते वरून म्हणाले. "जिना चढायला हरकत नाही, आपल्या प्राण्यानं तो अजून फोडलेला नाही."

प्राणी जेवणाच्या टेबलावर उभा होता. खाली एका चपलेचा अंगठा, सोफ्याच्या गादीचा कापूस, आणि रविवारच्या पुरवणीचे तुकडे. दीक्षित खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि एका बोटानं मोबाइलवर काहीतरी टंकत होते.

"मी मागितला होता म्हातारा, कमी ऐकू येणारा कुत्रा. माझा हेतू असा होता की आम्ही दोघं एकमेकांचं न ऐकता सुखानं राहू. आपण आणून दिलात तो सर्कशीतून पळालेला दिसतो. बसा. आपल्याविषयीच लिहितो आहे. तिसऱ्या परिच्छेदात आलोय."

नागोराव उभेच राहिले. नजर दीक्षितांच्या त्या एका बोटावर. ते बोट अजून एकदा खाली आलं की व्हॅन कायमची थांबणार, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता.

"ऐका, म्हणजे काही चुकीचं असेल तर सांगता येईल. 'सदर वाहनचालकास मी स्पष्ट विचारले असता त्याने, उजवीकडला हाच, असे गूढ उत्तर दिले.' असंच म्हणालात ना? खोटं लिहिलेलं मला खपत नाही."

"असंच म्हणालो जी."

"ते मी केलं," विमलाबाई मधेच म्हणाल्या. सोनूनं टेबलावरून उडी मारल्यामुळे त्या दाराच्या आड होत्या आणि तिथूनच बोलत होत्या. "ह्यांनी बरोबरच बसवली होती कुत्री. मी पंपावर जागा बदलली. लिहायचं तर माझं नाव लिहा. विमल नागोराव इंगोले."

"आपण संस्थेत कोण?"

"कोणी नाही."

"मग आपल्याविरुद्ध तक्रार मी कुणाकडे करू?"

"ह्यांच्याकडं करा."

"यांच्याकडे करून उपयोग होतो?"

"मले तर आजवर नाही झाला."

दीक्षितांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. "म्हणजे तीन परिच्छेद फुकट गेले," ते म्हणाले आणि एकेक अक्षर खोडायला लागले. त्यालाही वेळ लागणार होता.

विमलाबाईंनी नवऱ्याला खूण केली. आता गुपचूप कुत्री बदलायची आणि घर गाठायचं. पण नागोराव हलेनात. व्हॅनच्या धंद्यात एक रीत असते. पोर चुकून भलत्याच स्टॉपवर उतरलं तर आईचा फोन शाळेत जायच्या आत ड्रायव्हरचा गेला पाहिजे. सापडलेलं पोर घरी पोचलं, कुणाला कळलं नाही, तरी फोन जायलाच हवा. नागोरावांनी खिशातून मोबाइल काढला.

"काय करून राहिले?" विमलाबाई दाराआडून पुटपुटल्या. "झालं ना मिटलं."

"तरन्नुम बेटा," नागोराव फोनवर म्हणाले, "तिसरी तक्रार आहे. माझ्याविरुद्ध. मीच करतो." आणि पंपापासून मंडईपर्यंत सगळं सांगून टाकलं. बायकोचं नाव तेवढं गाळलं. "मी जागा पाहिली, जनावर पाहिलं नाही. चूक माझी."

मागे सोनूनं दुसरी चप्पल फोडायला घेतली.

"दोघं सेफ आहेत ना काका?"

"हाव."

"मग आधी स्वॅप करा. आपण नंतर बोलू."

ते 'नंतर' नागोरावांनी ऐकलं आणि आपली ही शेवटची फेरी, असं समजून सोनूला खाली नेलं. शेवटचीच तर मग आता तोंड कशाला बंद ठेवायचं? खराडीला पोचल्यावर त्यांनी आमोदला आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या दिग्विजयला दोघांनाही पार्किंगमध्ये उभं केलं.

"याचं नाव काय?"

"सोनू."

"वय?"

"वन इयर… एक वर्ष."

"आन् तुमी दोघं कामाले गेल्यावर याच्यापाशी कोण?"

"अल्टरनेट शिफ्ट घेतल्यात अंकल. एक जण असतोच."

"रात्रपाळीवाला दिवसा झोपते. मग याले फिरवते कोण? आं? बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवून सांगतो म्हणाले. "आत्ता ठरवा," नागोराव म्हणाले आणि त्यांचं ठरेपर्यंत दोरी हातात धरून उभे राहिले. दिग्विजय माऊलीला आणायला वर गेला तो लवकर येईना. मागचा आठवडाभर त्याला झोप नव्हती, आणि आज सकाळी फरशीवर त्या म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी आडवं झाल्यावर ती लागली होती. "याला कधीतरी भेटायला आलं तर चालेल का त्या सरांना?" शेवटी खाली आल्यावर त्यानं विचारलं.

"वेळेवर जाल तर चालेल," नागोराव म्हणाले.

शनिवार पेठेत माऊली एकेक पायरी मोजून घेतल्यासारखा जिना चढला. कापूस हुंगला, दीक्षितांना हुंगलं, आणि त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून डोळे मिटले. दीक्षितांनी त्याला नावानं हाक मारली. त्याला ऐकू आलं नाही.

"उत्तम," दीक्षित म्हणाले.

संध्याकाळी तरन्नुम वर आली. यावेळी चहाला हो म्हणाली, तरी नागोराव खुर्चीच्या टोकावर बसून होते. व्हॅनची कागदपत्रं त्यांनी आधीच कपाटातून काढून टीपॉयवर ठेवली होती, आता विकायचीच तर आजच सांगून टाकू म्हणून.

"दीक्षित सरांचा मेसेज आलाय," ती म्हणाली. "वाचते. 'वाहनचालक सांगितलेल्या जागेपलीकडे काही पाहत नाही. मात्र चूक झाल्यास स्वतः सांगतो. असा मनुष्य काढू नये. त्याच्यासोबत पाहणारे कोणीतरी द्यावे.' आणि आमोद म्हणतोय की अंकलनी त्यांच्याकडून आठवड्याचं टाइमटेबल करून घेतलं, आणि ते बरं झालं, त्यांनी स्वतः कधीच केलं नसतं."

नागोरावांनी चष्मा काढला.

"तर मी असं ठरवलंय काका. प्रश्न विचारायचे ते विचारा, पण आवाज खाली ठेवून. आणि शाळेच्या बसमध्ये मावशी असतात ना? तशी प्रत्येक फेरीला गाडीत मावशी पाहिजे." ती ओट्याकडे वळली. "काकू, तुम्हीच."

विमलाबाईंच्या हातात साखरेचा डबा होता, तो तसाच राहिला. ज्या नवऱ्याला घराबाहेर काढायला त्यांनी एवढं केलं, त्याच्याबरोबर आता प्रत्येक फेरीला त्यांनाही एका ओम्नीत बसायचं होतं.

"मले कुत्र्याची भीती वाटते, पोरी."

"दीक्षित सर म्हणाले, दोघांना पंपावर एकटीनं चढवलंत की."

विमलाबाईंनी साखरेचा डबा खाली ठेवला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो कागदपत्रं गोळा करून परत कपाटाकडे निघाला होता, इतक्या लगबगीनं की कुणी निर्णय बदलायच्या आत कपाटाला कुलूप लागावं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण मग कोण कुठं बसणार ते मी ठरवीन."

कपाटाशी नागोरावांचा हात थांबला. तरन्नुमचा चहा संपला.

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी लोणीहून चार कुत्री निघाली. चारही डावीकडे दाटीवाटीनं बसली होती, कारण उजवीकडून ऊन येत होतं. नागोराव आरशात पाहत होते आणि प्रत्येक सिग्नलला मागे वळून एकेकाला नावानं हाक मारून खात्री करून घेत होते. दोघांची नावं त्यांनी चुकवली. विमलाबाईंनी सुधारून दिली.